खालून धुतलेला ट्रक

नोकरीतली बरीच प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे विचारायला जुन्या सहकाऱ्यांना फोन करावा लागतो. एक ट्रक मात्र अजून लख्ख आठवतो, कारण त्याच्याखाली मी गणवेशात उताणा झोपलो होतो.

साक्रीच्या पश्चिमेला, सुरतेकडून येणाऱ्या महामार्गावर, एका म्हाताऱ्याला दिवेलागणीच्या सुमारास गाडीने उडवलं. आठवडे बाजारात टोपल्या विकून तो पायी घरी चालला होता. जागीच गेला. गाडी थांबली नाही. पंचनाम्यात हेडलाइटच्या काचेचे तुकडे मिळाले. पाहणारा एकच, आणि त्याला 'मोठी गाडी होती' यापलीकडे काही सांगता येईना. सकाळी मृताचे नातेवाईक ठाण्याच्या आवारात येऊन बसले. आरोपी दाखवा, मगच प्रेत नेऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या जागी मी असतो तर वेगळं काही म्हणालो नसतो.

तेवढ्यात ठाणे अंमलदाराला फोन आला. साक्रीच्या एका वॉशिंग सेंटरवर केळीचा रिकामा ट्रक उभा आहे, ड्रायव्हर घाबरलेला दिसतो आणि गाडी घासून घासून धुतोय, असं कुणीतरी नाव न सांगता कळवलं. आम्ही ट्रक आणि ड्रायव्हर दोन्ही ठाण्यात आणले.

ड्रायव्हर तिशीचा, साक्री तालुक्यातल्याच एका खेड्यातला. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडे कामाला होता. सुरतेला माल उतरवून परतताना नवापूरजवळच्या ढाब्यावर झोपलो होतो, असं त्याने सांगितलं. ढाबेवाल्याने साफ नाही म्हटलं. वेळ जुळत नव्हती, गाडी धुतलेली होती आणि माणूस खोटं बोलत होता. आमच्या हवालदारांच्या मते गुन्हा उघडकीला आला होता, फक्त लिहायचं बाकी होतं. टोलनाक्याचा तपशील मी मागवला होता, पण तो मागवल्या दिवशी कधी येत नाही.

दुपारी सावद्याहून मालक आला. साठीचा, पांढरी टोपी, हातात ड्रायव्हरसाठी डबा. याचा बाप वारल्यावर त्यानेच याला घरात ठेवून घेतलं होतं, गाडीही त्यानेच शिकवली होती; हा त्याला आबा म्हणायचा. तो ड्रायव्हरच्या शेजारच्या बाकावर बसला आणि मला म्हणाला, "साहेब, हा पोरगा माझ्याशी आजवर खोटं बोलला नाही. वकील लागला तर मी देतो."

ड्रायव्हरने मान आणखी खाली घातली. मी कितीही विचारलं तरी उत्तर एकच, "साहेब, मनी गाडी कोनाले लागनी नही. बाकी तुम्हले जे लिखनं ते लिखा."

मी उठून बाहेर ट्रककडे गेलो. पुढचा बंपर पाहिला आणि थांबलो. त्यावर धूळ होती, हेडलाइटच्या काचांवर किडे चिकटून वाळलेले होते. माणसाला उडवून आलेला ड्रायव्हर आधी गाडीचं तोंड धुतो. याने तोंडाला हात लावला नव्हता. धुतला होता तो तळ.

हवालदार गाडीखाली वाकायला तयार नव्हते, इस्त्री मोडते. मीच आत शिरलो. स्प्रिंगचे पाटे, एक्सल, ब्रेकचे ड्रम सगळं प्रेशरने धुऊन काढलेलं. चाकं खोलून पुन्हा बसवल्याच्या ताज्या खुणा होत्या. वरून जळकं ऑइल फासलेलं. चासीच्या एका खाचेत मात्र त्याचा हात पोचला नव्हता. तिथून चिमूटभर वाळू निघाली. आमच्याकडच्या पांझरा नदीची वाळू भरड असते. ही पिठासारखी बारीक होती आणि तिच्यात शिंपल्याचा चुरा होता. जिभेला लावली, तर खारट.

माझी पहिली नेमणूक किनाऱ्यावरची. तिथे गस्तीची जीप पुळणीच्या वाळूवरून आणली की आम्ही असाच तळ धुवायचो, ब्रेक तपासायचो, ऑइल फासायचो. ज्या जीपच्या बाबतीत आळस केला तिचा पत्रा गंजून हाताने तुटायचा.

मी आत आलो. मालकाला हवालदाराबरोबर चहाला पाठवलं आणि दार लोटून ड्रायव्हरला विचारलं, "गाडी समुद्रात कशाला घातलीस?"

तो लहान मुलासारखा रडायला लागला. "आईले समिंदर दखाडाले लई गयथू, साहेब. तिना गुडघा दुखतस, रेतीमा चालता येत नही. म्हनीसन गाडी पान्यापावत लई गऊ." जाताना त्याने आईला समुद्र दाखवायला घरून गाडीत घेतलं होतं. माल उतरवून सुरतेजवळच्या किनाऱ्यावर गाडी पाण्यापर्यंत नेली, चाकं रुतली, भरती आली. ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत अंधार पडला. मग त्याने हात जोडले. "आबाले सांगू नका."

काचेवरचे किडे आणि त्याचा शब्द, एवढ्यावर सोडता येत नव्हतं. मी त्याच्या गावी गेलो. आई ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसली होती.

"मावशी, समुद्र पाहून आलात म्हणे?"

"मी कोठेच गयी नही, भाऊ. माले चालता येत नही, मी काय समिंदर दखसू?"

मुलाने गप्प राहायला सांगितलं होतं आणि ती मुलाचा शब्द पाळत होती. शेवटी मी स्पष्ट सांगितलं, की माणूस मेलाय, मुलगा ठाण्यात आहे, आणि तुम्ही नाही म्हणालात तर त्याला आत टाकावं लागेल. तिचा हात थांबला. माझ्याकडे पाहून तिने विचारलं, "आबाले सांगशात का?"

"सांगावं लागेल."

मग ती बोलली. "दिवा लागनात तोपावत आम्ही तठेच व्हतूत. टॅक्टरवाला गुजरातीमा लई बोलना आम्हले." म्हणजे म्हाताऱ्याला गाडीने उडवलं तेव्हा ट्रक समुद्रकाठीच होता. ट्रॅक्टरवाल्याचा पत्ता लागला, त्याने दुजोरा दिला. पुढे टोलचा तपशीलही तेच सांगत आला. पुढच्या आठवड्यात नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत नवी हेडलाइट बसवलेली एक पिकअप सापडली, घटनास्थळावरची काच तिचीच निघाली. म्हाताऱ्याच्या घरच्यांना आरोपी मिळाला, एवढंच आम्हाला देता आलं.

पण मला आठवतो तो त्या दिवशी संध्याकाळी ठाण्यातला प्रसंग. मी मालकाला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. ड्रायव्हरला म्हणाला, "तू मले विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?"

"तुम्ही नही म्हननार नव्हतात, आबा. म्हनीसनच इचारानी लाज वाटनी."

मालकाने ड्रायव्हरकडून त्याचा बटणांचा फोन मागून घेतला आणि आईला लावायला सांगितलं.

"अक्का, मी सावद्याचा केळीवाला. समुद्र कसा वाटला?"

पलीकडून आवाज आला, खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "मोठा शे, बापा. पन तुम्हनी गाडी खराब व्हयनी."

"नाही अक्का," मालक म्हणाला, "त्याने चांगली धुतली."

मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. ठाणे अंमलदार डायरीत काहीतरी लिहीत असल्यासारखा खाली पाहत होता.

कोठडीची, मारहाणीची, शिक्षेची भीती घातली की माणूस बोलतो, असं आम्हाला शिकवलेलं असतं. हा माणूस खुनासारखा आळ घ्यायला निघाला होता, पण ज्याने आपल्यावर भरवसा टाकला त्याच्यासमोर खोटा पडायला तयार नव्हता. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एक नियम पाळला. चौकशीच्या वेळी संशयिताचा वैरी शेजारी बसला तरी चालेल, त्याच्यावर माया करणाऱ्याला मात्र मी आधी बाहेर पाठवायचो.