दुधाचा प्रोग्राम आणि आमची सामाईक भिंत

दोन घरांत भिंत एकच असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. कवठ्यात माझ्या शेजारी संतोष आणि अश्विनी हे नवरा-बायको राहतात. त्यांचेच हे काही.

गावच्या डेअरीत दूध तपासायचं मशीन आहे. त्याचे आकडे फक्त ते बनवणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जायचे. कंपनीने ते सॉफ्टवेअरच बंद केलं. नवीन मशीन घ्या म्हणे! अश्विनी म्हणाली, "मशीन धडधाकट हाय. आकडे घेणारा प्रोग्राम मी लिहिते." तिचं हे पहिलंच काम. फसलं तर दुसरं कोण देणार?

*

अडचण नवऱ्याची. संतोष आधी त्याच कंपनीत होता, आता दौंडला दुसरीकडे जातो. शिरूरच्या वकीलबाईंनी बजावलं, "मशीनशी बोलायची रीत तीच ठेवली तर कोर्टात भांडता येईल. पण यांनी कंपनीच्या प्रोग्रामचं आतलं लिखाण वाचलंय. त्यातली एक ओळ तुमच्या प्रोग्राममध्ये दिसली की चोरी म्हणतील. घरात या विषयावर बोलायचं नाही."

संतोष म्हणाला, "तसंबी घरात मला कोण बोलू देतंय?"

*

मशीन जे आकडे पाठवतं त्यातल्या तिसऱ्यावर अश्विनी आठवडाभर अडली. तो कशाचा, तेच कळेना. संतोष माझ्या ओट्यावर येऊन बसला. "काकू, मला ठाऊक हाय. पण पोटात मावंना."

"मग मला सांग की."

"तुम्हाला? त्यापरीस पंचायतीच्या भोंग्यावर सांगतो."

*

शेवटी अश्विनीने घरोघरचं दूध आणून मशीनला लावलं. आकडे तारखेसकट वहीत लिहिले. माझंही दूध नेलं. संध्याकाळी हसत आली. "काकू, सापडलं. तिसरा आकडा पाण्याचा. तुमच्याच दुधानं कळलं."

मी तिला चहा विचारला.

*

प्रोग्राम सुरू झाला आणि कंपनीची नोटीस आली: आमचं उतरवलंय, बंद करा. मागोमाग त्यांचा माणूस चौकशीला घरी आला. शिरूरहून आलेल्या वकीलबाईंनी अश्विनीची वही पुढे केली. तो चाळून म्हणाला, "एका घरात राहून नवऱ्याने बायकोला काहीच सांगितलं नाही? साक्षीदार कोण याला?"

मी दारातच उभी होते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पदर सावरून पुढे झाले. "सहा महिने भिंतीपलीकडून ऐकतेय, साहेब. मशीनचा एक शब्द न्हाई. बाकी दोघं काय काय बोलले, ते पहिल्या दिवसापासून सांगते. घ्या लिहून."

संतोष हळूच म्हणाला, "काकू, नको."

साहेबांनी एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.