कुंकू लावल्यालं आढं

तवा तितं, लाकडाच्या वखारीम्होरं, आमी पाच जनं हुतो. माझा बाप सोमा, माझी आय, मी, वखारीचा शेठ आन् त्याचा दिवानजी. त्यातली आता मी येकलीच उरले, म्हून सांगते.

शेठ वट्यावरनं म्हनला, "सोमा, फोड ते. बंबाला व्हईल."

ते म्हंजी सागाचं आढं. छपराचा मधला कना. बाप आन् आय दोगांनी भंडारदऱ्याच्या डोंगरावरनं खांद्यावर आनल्यालं. माज्या डोक्यावर वासे.

लढाई चालली हुती. खाली गावात खिळा मिळंना, पत्रा मिळंना. कुनी घर बांधंना. आढी-वासे इकून आमचा सगळा पाडा लोकांच्या घरांवर जगायचा. ती थांबली, आमच्या चुली थांबल्या. घरी दोन धाकटी भावंडं, कंद उकडून खायाची.

आमच्यात आढं डोंगर उतराया निगालं का बाई मानूस त्याला कुंकू लावतं. मग ते जाळायचं न्हाई. त्याचं घरच व्हाया पायजे. औंदा कुनी मागितलं नव्हतं, तरी आयनं सवयीनं लावलं.

दिवानजीनं ते बघितलं. हसला. "नवरी आनलीस व्हय रं सोमा? नवरदेव तर लढाईवर गेला!"

बाप म्हनला, "शेठ, तसंच ठिवून घ्या. कवा तरी लागंल."

"जागा न्हाई. फोडलंस तर पायलीभर नागली. न्हाईतर ने माघारी."

बापानं आयकडं बघितलं. आय खाली बघत हुती. त्यानं कुऱ्हाड घेतली. कुंकवाची जागा सोडून फोडत गेला. शेवटाला तेवढाच तुकडा उरला.

शेठ म्हनला, "तो बी."

तो बी फोडला.

मग शेठ मला म्हनला, "ए पोरी, उचल. मागल्या दारी रचून ठिव."

"मी न्हाई उचलनार."

बापानं थोबाडीत दिली. जल्मात पयल्यांदा. मी जागची हालले न्हाई. आयनं उचललं.

घरी तीच नागली शिजली. मी बी खाल्ली. भुकंम्होरं माजं काय चाललं न्हाई.

लढाई सरली, घरं पुन्ना उठाया लागली. शेठनं सांगावा धाडला, आढी आना. बाप गेला. मी गेले न्हाई. लोकांची निंदनी केली, रस्त्याची खडी फोडली. त्या वखारीला खांदा दिला न्हाई. मरंस्तवर देनार न्हाई.

वाचनाऱ्याला येकच मागनं. दारी कुनी वझं घिऊन आलं तर घ्या, न्हाईतर नगं म्हना. पर त्याची चीज त्याच्याच हातानं मोडाया लावू नका.