उलट्या चकत्या आणि दाबकाका

इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या तपासणीच्या शेडमध्ये दाबकाका चिडले की महूच्या छावणीतली परेड थांबायची, असं मी आजही शपथेवर सांगतो. काम मात्र त्यांचं शांततेचं. सळई, साखळी, बोल्ट, जे येईल ते दाब मोजायच्या यंत्राखाली ठेवायचं, कितीला मोडलं ते लिहायचं आणि खाली सही करायची.

मी सांगलीहून इंदूरला दातांचं एमडीएस करायला आलेलो. माझा प्रबंध रूट कॅनालमध्ये भरायच्या तीन सिमेंटांवर होता, दोन जुनी आणि एक नवं: दाताला घट्ट धरून कोण राहतं? उपटलेल्या दातांची मुळं काकडीसारखी आडवी कापायची आणि चकतीच्या मधलं भरण बारीक दांड्यानं ढकलून बाहेर काढायचं. जितका जोर लागेल तितकी पकड. काकांनी पहिली चकती चिमट्यात धरली आणि म्हणाले, "डॉक्टरभिया, जिंदगीभर क्रेनचे हुक तोडले, आता म्हातारपणी दाढा तोडायला लावता क्या?"

यंत्र सुरू करण्याआधी ते प्रत्येक वस्तू दोन्ही बाजूंनी पाहत. सराफ्यातला सोनारसुद्धा बांगडी इतका वेळ पाहत नसेल. तेवढ्यात माझी दाढी वाढायची. म्हणून काका भाचीच्या लग्नाला देवासला गेले, त्या दिवशी उरलेल्या चकत्या मीच यंत्राखाली घातल्या.

त्या सगळ्या नव्या सिमेंटच्या होत्या. त्याचा आकडा बाकी दोघांच्या तिप्पट आला. आमचे गाईड सर याच सिमेंटवर कंपनीच्या खर्चानं गावोगाव भाषणं देत. त्यांनी मला कचोरी खिलवली.

काका परतले, फुटक्या चकत्या पाहिल्या आणि सही करायचं पेन खिशात ठेवलं. "उलट्या लावल्यास. भोक टोकाकडे निमुळतं असतं ना? तू रुंद बाजूनं ढकललंस, म्हणून भरण पाचरीसारखं अडकलं. ये पकड सिमेंटची नाही, पाचरीची आहे."

पुन्हा दात जमवायचे म्हणजे सहा महिने. सर स्वतः गाडीतून शेडवर आले, चकतीची बाजू कोण बघतंय, सही करून टाका म्हणाले. काका स्टुलावरून उठलेसुद्धा नाहीत. "माझे पणजोबा संस्थानच्या तोफखान्यात होते, सरजी. गोळा कुठे पडला, ते राजाला खूश करायला सांगत नव्हते. सही नाही होणार."

दुसऱ्या दिवसापासून कॉलेजनं त्या शेडला काम पाठवणं बंद केलं. खरं मोजलं हा गुन्हा! न बघता सह्या ठोकणारी दुसरी लॅब मिळाली, माझा प्रबंध पास झाला, आणि मी निर्लज्जासारखे पेढे वाटले. अजून आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

तीन वर्षांनी काका माझ्या इंदूरमधल्याच दवाखान्यात आले, गालावर हात धरून. रूट कॅनाल करावं लागणार होतं. मी नसा साफ केल्या. ट्रेमध्ये तेच नवं सिमेंट होतं. कापूस कोंबलेल्या तोंडानं त्यांनी विचारलं, "सुलटी लावल्यावर याचा आकडा किती आला?"

मी नकारार्थी मान हलवली; तो आकडा मी कधी काढलाच नव्हता.

"मग आज कच्चंच भर, भिया. मोजून घे, मग पक्कं कर."

मी दात जमवले, चकत्या कापल्या, आणि सहा महिन्यांनी शेडवर गेलो. काकांच्या स्टुलावर दुसराच माणूस होता. काका वारून पंधरा दिवस झाले होते. मी एकेक चकती दोन्ही बाजूंनी पाहून लावली. नवं सिमेंट तिन्हींत शेवटचं आलं. त्या माणसानं यंत्राकडे न बघताच पेन उघडलं. मी त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. सहीची जागा अजून कोरी आहे.