साडेअकराचा स्पीड

दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे संशय घ्यायला मला फारसं कारण लागत नाही. त्या महिन्यात तर कारणही होतं. ऑफिसात माणसं कमी करायचं चाललं होतं. माझी नोकरी गेली असती तर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे या देशात राहून काम करायचा परवाना, गेला असता, आणि इथलं बुकित बातोकमधलं बिऱ्हाड गुंडाळून पुण्याला परतावं लागलं असतं. काम घरूनच चालायचं. आणि नेमक्या त्याच दिवसांत, रोज सकाळी साडेअकराच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये, मी साहेबांसमोर तोंड उघडं ठेवून गोठायला लागलो.

पहिला संशय इंटरनेट कंपनीवर. मी स्पीड मोजून वहीत लिहू लागलो. दिवसभर उत्तम, साडेअकराला मात्र काटा झोपलेला, वीसेक मिनिटांनी पुन्हा ठणठणीत. कंपनीचा माणूस आला तो दुपारी तीनला. आपल्या यंत्राने मोजून इथल्या लकबीत म्हणाला, "फुल स्पीड लाह, सर." हे सगळे एकमेकांना सामील आहेत, अशी माझी खात्री झाली.

मग पाळी आईची. ती दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि तिच्या टॅबवर मालिका चालायच्या.

"साडेअकराला काय बघतेस गं तू?"

"काही नाही रे."

काही नाही म्हणजे नक्कीच काहीतरी. मी सरळ टॅब काढून घेतला. तिने उलट चार्जरही आणून दिला, त्याचाही मला संशयच आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोठलो. तणतणत, लॅपटॉप तसाच सोडून खोलीबाहेर आलो. आमचा वायफायचा राउटर शेल्टरमध्ये. हल्ला झाला तर लपायला म्हणून इथल्या फ्लॅटांत जाड काँक्रीटची, पोलादी दाराची एक चिमुकली खोली असते. लोक तिथे अडगळ ठेवतात आणि दार उघडंच टाकतात. आईला तिथे शांत वाटलं म्हणून तिने आपले देव तिथल्याच एका फळीवर मांडले होते. आता ते दार गच्च बंद होतं आणि बाहेर आई हात जोडून उभी होती.

"दार कशाला लावलंस?"

"नैवेद्य दाखवलाय. देव जेवताना कुणी बघू नये."

देवांबरोबर राउटरही आत कोंडला गेला होता, आणि त्या काँक्रीट-पोलादातून सिग्नल बाहेर येत नव्हता. माझं डोकंच फिरलं. "पण साडेअकरालाच का? पुण्याला तर तू बारानंतर दाखवतेस!"

ती बावरली. "तुझी ती मीटिंग तेव्हाच असते ना. तू आत बोलत असतोस, तेव्हा मी इथे सांगते देवाला, याची नोकरी राहू दे. आज शिरा केलाय."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. आत मीटिंग चालूच होती. दाराच्या कडीकडे गेलेला हात मी मागे घेतला, आणि देवांचं जेवण होईपर्यंत आईशेजारी उभा राहिलो.