माझ्या हातची मोटर

आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी एक गोष्ट न विचारता सांगत आले. चहा पुढे ठेवायचा आणि ओट्याकडे बोट दाखवायचं, "तो मिक्सर बघितला? त्याची मोटर मी भरलीय. माझ्या हातची मोटर आहे ती." पाहुणा बिचारा मान डोलवायचा. नवरा आतून ओरडायचा, "झालं हिचं सुरू!" ओरडू दे. ज्याने आयुष्यात बल्बसुद्धा मला विचारून बदलला, त्याने मोटरीबद्दल बोलू नये.

लग्नाआधी चार वर्षं मी सातपूरला एका छोट्या कारखान्यात मिक्सरच्या मोटरी भरायचे. पत्र्याची शेड, लांबलचक टेबल आणि टेबलाभोवती आम्ही दहा-बारा बायका. लाकडी ठोकळ्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळायची, वेढ्यावर वेढा, वेढ्यावर वेढा. मग तिच्यावर सुती पट्टी घट्ट लपेटून दोऱ्याने गाठ मारायची आणि वार्निशमध्ये बुडवायची. ही झाली एक कॉइल. एका मोटरीत अशा दोन. दोन्हींचे वेढे सारखे पाहिजेत. एकीत कमी, दुसरीत जास्त झाले की मोटर तापते, ओरडते आणि वर्ष-दोन वर्षांत मान टाकते.

हे सगळं मला शिकवलं एका मावशीने. ती सिन्नरकडच्या खेड्यातून रोज एसटीने यायची. डावखुरी होती, त्यामुळे अख्ख्या शेडमध्ये तिच्या एकटीची पट्टी उलट्या दिशेने लपेटलेली असायची आणि गाठही उलटी पडायची. बोलणं फार नाही. कॉइल तिच्यापुढे ठेवली की एकच प्रश्न, "मोजलं का?" हो म्हटलं की, "परत मोज." वेढा चुकलेला सापडला तर शब्द न बोलता दात लावून गाठ सोडायची आणि सगळी तार उसवून माझ्या मांडीवर टाकायची. दोन-दोन तासांचं काम असं मातीत जायचं. मी संडासात जाऊन रडायचे आणि तिच्या नावाने बोटं मोडायचे.

त्या कारखान्यात एक पद्धत होती. लग्न ठरलेल्या मुलीला शेठ एक नवा मिक्सर भेट द्यायचे, पण त्याची मोटर तिने स्वतःच भरायची. माझा शेवटचा दिवस आला तेव्हा मी माझी मोटर भरायला बसले. मुली चिडवत होत्या, होणाऱ्या नवऱ्याच्या मिशीवरून काहीतरी निघालं, शेड हसली, मीही हसले आणि दुसऱ्या कॉइलचा आकडा डोक्यातून गेला. खरं तर उसवून पुन्हा भरायला हवी होती. पण दुपारी निरोपाचा चहा होता, मी पेढे आणले होते, नवी साडी नेसले होते. कोण उसवत बसणार? उरलेले वेढे अंदाजाने भरून टाकले.

"मोजलं का?" मावशीने विचारलंच.

"हो," मी म्हणाले. तिला मारलेली ती माझी एकमेव थाप.

मग बाहेर अंगणात चहा झाला. सगळ्या जणी आल्या, शेठ आले, ही बया काही आली नाही. मी दोनदा बोलावणं पाठवलं. दोन्ही वेळा आतून आवाज आला, "काम हाय!" चार वर्षं जिच्या हाताखाली काढली, तिला माझा पेढा खायला दोन मिनिटं उठवत नाही? अशा नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणता! संध्याकाळी बांधून ठेवलेलं मिक्सरचं खोकं उचललं आणि तिच्याकडे न बघता निघाले. विहारात लग्न लागलं तेव्हा शेडमधल्या सगळ्या आल्या होत्या. ती आली होती की नाही, हेसुद्धा मी पाहिलं नाही. नंतर कधी विचारपूसही केली नाही. राग धरायला मी पहिल्यापासून पक्की.

मिक्सर मात्र चालला. पाच वर्षं, दहा वर्षं, वीस वर्षं. कार्बन ब्रश बदलले, खालचे रबरी पाय बदलले, भांड्यांची पाती बदलली, मोटरीला हात लावायची वेळ आली नाही. सुरुवातीला त्या थापेची भीती वाटायची. पुढे पुढे मला वाटायला लागलं, काय माझा अंदाज! न मोजता भरली तरी अशी!

घरात सून आली आणि तिच्यामागून नवा मिक्सरही आला. काचेसारखा गुळगुळीत, बटणं नाहीत, नुसतं बोट टेकवायचं. आवाज कमी, दिसायला देखणा. खोटं कशाला बोलू, मलाही आवडला. जुना मी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला.

सुनेची अंबडच्या कारखान्यातली कंत्राटी नोकरी सुटली तेव्हा तिने घरी कोरड्या चटण्या करायला घेतल्या. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची. हात छान आहे पोरीचा. सुरुवातीला शेजारीपाजारी विकायची. मग यंदा तिला पहिली मोठी ऑर्डर आली, एका लग्नात पाहुण्यांना द्यायला दोनशे पाकिटं, शनिवारी सकाळी पोचवायची. हे जमलं तर पुढची लग्नंही मिळतील, पुन्हा पाळ्यांच्या नोकरीसाठी गेटवर उभं राहायला नको, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने झोपेतसुद्धा पाकिटं मोजली असतील.

आणि सोमवारी नव्या मिक्सरचा दिवा लुकलुकला आणि विझला. घेऊन सव्वा वर्ष झालेलं. दुरुस्तीवाले गृहस्थ आले, वयाने माझ्याएवढे, सज्जन. त्यांनी आत बघितलं आणि म्हणाले, "ताई, मोटर ठणठणीत आहे. वरचा बोर्ड गेलाय आणि ह्या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही."

"म्हणजे मोटर चांगली असताना मिक्सर फेकायचा?"

"मलाही बरं वाटत नाही हो सांगताना," ते म्हणाले. त्यांच्यावर काय चिडणार? पूर्वी हेच गृहस्थ हत्यारांची पेटी घेऊन दिवसाला दहा घरं जिवंत करत असतील. आता त्यांना घरोघरी हेच सांगत फिरावं लागतं.

मी माळ्यावरून जुना काढला. चादर झटकत सुनेला म्हटलं, "घे. माझ्या हातची मोटर आहे, कुठं जात नाही."

दोन दिवस तो धडाडला. बुधवारी सकाळी, पाऊणशे पाकिटं झाली असताना, आतून जळका वास आला, धूर आला आणि गप्प. सून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या हातात जवसाची वाटी तशीच होती.

मुलगा म्हणाला, "मी आत्ता नवीन घेऊन येतो." शहाणं बोलला. पण माझ्यातली मोटरवाली जागी झाली. "उद्या संध्याकाळपर्यंत दे मला. नाही झालं तर परवा आण." बोलून बसले खरी. तीस वर्षांत तारेला हात लावला नव्हता. चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही. माझ्या हट्टापायी पोरीची पहिली ऑर्डर गेली, तर तिला तोंड कसं दाखवणार होते?

खालचे चार स्क्रू काढले. केवढं बरं वाटलं! चार स्क्रू, आणि सगळं समोर. कुठे दाबून बसवलेलं नाही, कुठे चिकटवलेलं नाही. बनवणाऱ्याने गृहीतच धरलं होतं की कधीतरी कुणीतरी हे उघडणार. मधला फिरणारा भाग धड होता. एक कॉइल जळून कोळसा, दुसरी नुसती तपकिरी पडलेली. दुरुस्ती होणार होती. मी तपकिरी कॉइल बाहेर काढली, खिडकीशी नेली, चष्मा पुसला.

पट्टी उलटी होती.

मी कॉइल फिरवून पाहिली. वाटलं, मीच उलटी धरलीय. मग गाठ पाहिली. तीही उलटी. तसली गाठ त्या शेडमध्ये एकच हात मारायचा.

अगं बाई! मी खालीच बसले. सून धावत आली, "आई, काय झालं? होणार नाही का?" मी पट्टी उसवली आणि वेढे मोजायला लागले. मग जळालेली कॉइल घेतली, तिची काळी पडलेली गाठही उलटीच. ती कातरीने आडवी कापली आणि तारांची टोकं टाचणीने एकेक मोजली. तिला म्हटलं, तूही मोज. दोघींचा आकडा जुळला. दोन्ही कॉइल सारख्या, एका वेढ्याचाही फरक नाही. माझ्या अंदाजाच्या कॉइलची तार ह्या मोटरीत कुठे नव्हतीच.

आम्ही अंगणात चहा पीत होतो, मी नव्या साडीत मिरवत होते, आणि ती आत बसून माझी मोटर उसवत होती. दोन्ही कॉइल नव्याने भरत होती. "काम हाय" म्हणाली, ते खरंच सांगितलं होतं तिने. आणि मी तीस वर्षं तिच्यावर राग धरून, तिच्याच कामावर फुशारकी मारत बसले होते. लाज वाटली. पण खरं सांगते, लाजेपेक्षा जास्त काहीतरी भरून आलं. माझ्या पोराचा पहिला बारीक केलेला वरण-भात, सासूच्या कवळीसाठी वाटलेला दाण्याचा कूट, तीस वर्षांची वाटणं, सगळं त्या बाईने एका दुपारी मला देऊन टाकलं होतं, आणि वर एका शब्दाने बोलली नव्हती.

शालिमारच्या बाजारात जाऊन तार आणली, पट्टी आणली, वार्निश आणलं. गुरुवारी सकाळी खिडकीशी बसले. आधी बोटं ऐकेनात. पहिली कॉइल निम्मी झाली आणि सुनेने विचारलं, "आई, चहा टाकू?" आकडा गेला. जाऊ दे, एक-दोन वेढ्यांनी काय होतंय, असं मनात आलं, खोटं नाही सांगत. मग सगळी उसवली. सुनेला म्हटलं, "मी मान वर करेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस." दोन्ही भरल्या, दोन्ही परत मोजल्या. वार्निश वाळवायला दुपारचं ऊन पुरलं.

चारच्या सुमारास जोडून पाहिली. आधी मधे एक बल्ब लावून, आमची जुनी पद्धत. आत कुठे तार चिकटली असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि मोटर वाचते. बल्ब मंद पेटला. मग बल्ब काढला, सुनेला म्हटलं, "फिरव." तिने डोळे मिटून बटण फिरवलं. मिक्सर धडधडला. पोरीने मला अशी मिठी मारली की चष्मा खाली पडला.

शनिवारी सकाळी दोनशे पाकिटं पोचली. रविवारी मी पेढे घेतले आणि सिन्नरची एसटी धरली. जुन्या मैत्रिणीला फोन करून विचारलं होतं. मावशी गावीच होती, ऐंशीच्या घरात, ओट्यावर उन्हात बसलेली. नजर अधू झाली होती. मी पाया पडले, कोण ते सांगितलं. थापेपासून गाठीपर्यंत सगळं तिला सांगितलं.

"तू हो म्हणली तवाच कळलं व्हतं मला," ती म्हणाली. "एक कॉइल हाताला हलकी लागत व्हती. मंग दुसरीचा तरी काय भरवसा?"

"मग बोलला का नाहीत? उसवायला लावायचं मला, नेहमीसारखं."

"लगीन चार दिसावर आलेल्या पोरीला काय उसवायला बसवू? लय नटून आली व्हती तू."

"आणि पेढा? दोनदा बोलावलं मी."

"हात वार्निशात भरलेले. पेढा काय वार्निश लावून खाऊ?" ती हसली. पुढचे दोन दात उरले नव्हते, गाठी सोडणारे. मला हसायला आलं आणि रडायलाही.

जरा वेळाने तिने विचारलं, "आता कुणी भरली?"

"मी."

"मोजलं का?"

"मोजलं, मावशी. परत मोजलं."

तिने माझा हात हातात घेऊन बोटांची टोकं चाचपली, तारेने कापलेली. मग तो सोडला आणि आपला डावा हात पुढे केला.

"मग आण तो पेढा."