दोराने मारले

पोलीस खात्यात आयुष्य गेलं. खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. पण सगळ्यात जास्त भीती वाटली ती मी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या दोन शब्दांची.

देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या हद्दीला लागून असलेल्या एका लहान ठाण्याचा मी प्रभारी होतो. हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील अंगठा लावायचे. त्यामुळे मला लिहिण्याचा अभिमान होता आणि तो मी लपवत नसे. महत्त्वाचा जबाब मी रायटरवर सोडत नसे, स्वतः लिहायचो. मोजकं, स्वच्छ, खाडाखोड नाही.

एका दुपारी पोलीस पाटलाचा फोन आला.

"साहेब, बांधावर एक गडी पडलाय. जित्ता हाय, पण लई मार बसलाय. दवाखान्यात हलवून राहिलो."

तो गडी तेलंगणातल्या खेड्यातून आलेला. आमच्या हद्दीतल्या एका बड्या बागायतदाराकडं सालानं कामाला होता. ग्रामीण रुग्णालयात गेलो तर मनगटांवर बांधल्याचे वळ आणि डोक्याला खोल जखम. डॉक्टरांनी शुद्धीवर असल्याचा शेरा दिला. जबाबासाठी नायब तहसीलदारांना पत्र पाठवलं, पण त्यांची वाट पाहण्याइतका वेळ त्या माणसाकडं दिसत नव्हता. मी खाटेशेजारी स्टूल ओढला आणि विचारलं, "कोणी मारलं?"

"दोरा," तो म्हणाला. "दोरा कोट्टिंडू."

दुसरा शब्द मला कळला नाही. मनगटाचे वळ मात्र समोर दिसत होते. पुन्हा विचारलं, त्यानं पुन्हा तेच सांगितलं. मी लिहिलं, 'मला दोराने मारले. मारणाऱ्याचे नाव सांगता येत नाही.' अंगठा घेतला. संध्याकाळच्या आत तो गेला.

दुसऱ्या दिवशी मालक स्वतः ठाण्यात आले. 'आला' असं लिहायला आजही हात वळत नाही, यावरून काय ते समजा. त्यांची गाडी आवारात शिरली की आमचा पहारेकरी आधी सलाम ठोकायचा, मग कोण आहे ते बघायचा. माझ्यासमोर बसून ते शांतपणे म्हणाले, "दुसरा एक सालगडी हाय आमच्याकडं. इथलाच. दोघांची मोटर चालू करण्यावरून रोजची कटकट. बघा तुम्ही, मी कुणाचं नाव घेत न्हाई."

आम्ही त्या दुसऱ्या गड्याच्या झोपडीची झडती घेतली. रक्ताचे डाग असलेला दोर सापडला. पंच म्हणून त्याच शेतावरचे दोघे उभे केले. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. जबाबात दोर, झोपडीत दोर. त्याला अटक केली, कोर्टानं पोलीस कोठडी दिली. त्याची बायको रोज सकाळी ठाण्याच्या फाटकाशी येऊन बसायची. काही मागायची नाही, रडायचीही नाही. जीप निघाली की तेवढी उठून उभी राहायची.

तीन दिवस मी चौकशी केली. खोटं कशाला सांगू, त्याच्या कानाखाली दोन दिल्याही. तो एकच म्हणायचा, "म्या न्हाई मारलं साहेब." माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस लवकर चिडतो. हा चिडत नव्हता, नुसता दाराकडं बघत होता. तिसऱ्या दिवशी मी खुर्ची जवळ घेतली.

"तू नाही मारलंस, तर कोणी मारलं ते तुला माहीत आहे. बोल."

"बोललो तर दोरा माझ्या बायकोला जित्तं ठिवायचे न्हाईत."

मी लिहिता लिहिता थांबलो. "कोण?"

त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

दारात आमचे जमादार उभे होते. जन्म देगलूरचा, घरात मराठी, बाजारात तेलुगू. त्यांना बाहेर घेतलं आणि विचारलं, "दोरा म्हणजे काय?"

"मालक, साहेब. पलीकडची माणसं मोठ्या जमीनदाराला दोरा म्हणतेत. त्यांचं ऐकून इथले गडीबी म्हणतेत."

"आणि कोट्टिंडू?"

"मारलं."

'मालकानं मारलं.' मरणाऱ्या माणसानं दोनदा सांगितलं होतं. मी त्याचं 'दोराने मारले' केलं आणि वर 'नाव सांगता येत नाही' असंही जोडलं.

"जमादार, जबाब तुम्ही पहिल्याच दिवशी वाचला होता. कागदावर दोर बघून शंका आली नाही?"

ते म्हणाले, "आली होती. पण तुम्ही शिकलेले साहेब. मला वाटलं, तुम्ही समजून-उमजून तसं लिवलंय. वरून तसं ठरलं असंल."

यानंतर या प्रकरणात मला बरंच काही ऐकावं लागलं, पण यापेक्षा भयंकर काही ऐकलं नाही. माझ्या चुकीचं ठाण्यात कुणालाच नवल वाटलं नव्हतं. सगळ्यांनी ती चूक कामाचाच भाग धरली होती.

मी रुग्णालयात गेलो. तिथल्या पोलीस केसच्या रजिस्टरमध्ये, मी पोहोचण्याआधीची नोंद होती, 'मालकाने मारहाण केल्याचे रुग्ण सांगतो.' नोंद घेणाऱ्या सिस्टरला तेलुगू येत होतं.

"आम्हाला का सांगितलं नाही?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलं न्हाई. अन् तो तर तुम्हाला नीटच सांगून राहिला होता की."

पुढं कळलं ते असं. गडी न विचारता गावाकडं निघाला होता. त्याला वाटेतून परत आणलं, बांधलं आणि मारलं. बांधलेला दोर नंतर दुसऱ्या गड्याच्या झोपडीत नेऊन टाकला. मी रजिस्टरची प्रत घेतली, सिस्टरचा जबाब लिहिला. या वेळी लिहिलेलं तिला दोनदा वाचून दाखवलं.

बातमी लपली नाही. मालक पुन्हा आले. चहा घेतला.

"साहेब, मुलगी नांदेडला शिकते ना तुमची? तिचं हॉस्टेल चौकाच्या अंगाला हाय. रहदारी लई असती तिकडं. पोरीला म्हणावं, रस्ता जपून ओलांडत जा."

आवाज अगदी घरच्या माणसाचा होता. मी 'हो' म्हणालो. त्या आठवड्यात मुलीला दिवसातून चार-चार वेळा फोन केले आणि दरवेळी अभ्यास कसा चाललाय एवढंच विचारलं. वरिष्ठांचा फोन आला, "आरोपी सापडलाय, मुद्देमाल सापडलाय. आता व्याकरण कशाला काढता?" पुरवणी अहवाल लिहायला बसलो तर पहिली ओळ तीन वेळा फाडली. स्वतःची चूक स्वतःच्या सहीनं कोर्टात पाठवायची होती. मुलीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता, आणि फाटकाशी ती बाई बसलेली होती. शेवटी लिहिलं. मी शूर होतो म्हणून नाही. न लिहिता ठाण्यातून बाहेर पडायचं तर त्याच फाटकातून जावं लागणार होतं.

मालकांना अटक झाली. ते दोन दिवस खासगी दवाखान्यात राहिले आणि तिथूनच जामिनावर घरी गेले. माझी बदली झाली. खटल्यात सिस्टर ठाम राहिली. तो सालगडी मात्र साक्षीला उभा राहून म्हणाला, "म्या काय बघितलं न्हाई." मी त्याला दोष देत नाही. मग बचावाच्या वकिलांनी माझा जबाब माझ्यापुढं धरला. "अक्षर तुमचंच? 'दोराने मारले' हे तुम्हीच लिहिलंत? दोर म्हणजे काय, ते कोर्टाला सांगा." मालक सुटले. त्यांना संशयाचा फायदा मिळाला. सालगड्याच्या वाट्याला नुसता संशय आला होता, त्याचा फायदा नव्हता. कायद्याचं पुस्तक दोघांसाठी एकच होतं. पण एकाचं म्हणणं ऐकायला आम्ही खुर्ची दिली आणि दुसऱ्याचं आम्हाला नीट ऐकूच आलं नाही. कायदा सर्वांना समान आहे का, असं कुणी विचारलं की मला हे सांगावंसं वाटतं. कायदा पुढचं पुढं बघतो. आधी आमच्यासारखा एखादा माणूस कागदावर काहीतरी लिहितो, आणि पुष्कळदा तिथंच निकाल लागलेला असतो.

निकालापेक्षा मला त्या सालगड्याच्या सुटकेचा दिवस जास्त आठवतो. माझी बदली तेव्हा व्हायची होती. कोर्टाच्या आदेशानं तो सालगडी सुटला आणि अंगझडतीत जमा केलेलं सामान न्यायला ठाण्यात आला. एक तंबाखूची पिशवी आणि कमरेचा करदोडा. सही म्हणून अंगठा लावला, तरी जाईना.

"साहेब, म्या काय केलं न्हाई असं कागदावर लिवून द्या. गावात दावावं लागंल."

अटकेचा नमुना असतो, झडतीचा असतो, जप्तीचा असतो. या माणसानं काही केलं नाही, असं सांगणारा नमुना आमच्या कुठल्याच कपाटात नव्हता. मी कोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या, खाली सही केली, शिक्का मारला. कागद त्याच्या हातात दिला आणि वाचून दाखवायला पुढं झालो.

त्यानं हात मागं घेतला आणि कागद जमादारांकडं दिला.

"तुमी वाचा," तो म्हणाला. "ह्यांनी काय लिवलंय ते तुमी सांगा."

जमादारांनी दोनदा वाचलं. मग तो गेला.