सड्यावरची चित्रं

आमच्या पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या गिर्यारोहण मंडळात गिर्यारोहण सोडून सगळं होतं. सारखे टी-शर्ट होते, महागड्या काठ्या होत्या आणि एक अध्यक्ष होते. हे कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले साहेब. निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी कळवलंच नसावं. मी मंडळाची चिटणीस. साहेब जे बरळतील ते बऱ्या मराठीत लिहून काढायचं, हे माझं काम.

दोन हजार सोळा-सतराच्या सुमाराला कोकणातल्या कातळशिल्पांचा बोलबाला झाला, तशी आम्हालाही हौस आली. मिनीबस ठरवली आणि पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागलो. रत्नागिरीकडच्या त्या गावी पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. शिल्पं होती सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या उघड्या पठारावर. ना झाड, ना सावली. साहेबांनी त्याला ‘कोकणातलं वाळवंट’ म्हटलं आणि हे लिहून घ्या म्हणून मला बजावलं.

सडा ज्यांचा, त्या म्हाताऱ्या बाईच आम्हाला पायवाटेनं वर घेऊन गेल्या. डोक्यावर पाण्याची कळशी, हातात खराटा, पाय अनवाणी. आमची बूटवाली मंडळी मात्र पावलापावलाला ठेचकाळत होती. वर पोचल्यावर बाईंनी वाळकं गवत झाडलं आणि खालून एक हत्ती निघाला, सोंडेपासून शेपटीपर्यंत अख्खा कातळात कोरलेला. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी इथं उकिडवं बसून हे केलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. तेवढ्यात साहेबांनी कळशी उचलली आणि फोटोत रेघा उठून दिसाव्यात म्हणून सगळं पाणी हत्तीवर ओतलं. बाईंनी ते आम्हाला प्यायला आणलं होतं. त्यांनी रिकामी कळशी तेवढी उचलून बाजूला ठेवली.

फोटो झाल्यावर त्यांनी विचारलं, हे पेपरात येणार काय? आलं तर सरकार सडा घेईल, खालची काजूची कलमंही जातील, अशी त्यांना धास्ती होती. दोघं नवराबायको त्या कलमांवरच जगत होती. साहेब हसले. छे छे, उलट तुमचं नाव होईल, म्हणाले. आमचा ड्रायव्हर पनवेलजवळच्या एका गावचा आगरी माणूस. तोही आमच्याबरोबर वर आला होता.

“आजी, जमीन घेताना आमालापन असंच सांगलेलं,” तो म्हणाला. “आता आमचं गाव नाय. बसस्टॉपवर नुसतं नाव हाय. कुनाला दाखवू नका तुमी.”

साहेबांनी त्याला गाडीत जाऊन बसायला फर्मावलं. बाई माझ्याकडे वळल्या, कारण वही माझ्या हातात होती. गावाचं नाव तेवढं लिहू नको, म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून “नाही लिहिणार, आजी,” असं सांगितलं. तेव्हा ते मनापासून होतं.

मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहिला तो गावाच्या नावाशिवायच. साहेबांनी तो परत पाठवला. पत्ता नसेल तर लोकांना उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं. मी एकदा नको म्हटलं. मग ते म्हणाले, असं लिहिणारं आपल्यात दुसरं कोण आहे, लेख पहिल्याच पानावर घेऊ. ज्या माणसाच्या अकलेची मी वर्षभर घरी टिंगल करत होते, त्याच्या एवढ्याशा कौतुकावर मी पाघळले. गावाचं नाव घातलं. कुठल्या फाट्याला वळायचं ते घातलं. बाई आम्हाला ज्या पायवाटेनं घेऊन गेल्या, तीसुद्धा नकाशात तुटक रेघांनी काढून दिली.

पुढच्या सहलीच्या गाडीसाठी मी ड्रायव्हरला फोन केला. स्मरणिकेची एक प्रत त्यालाही गेली होती.

“ताई, तुमी लिवलेलं वाचलं,” तो म्हणाला. “आजीचा हात धरून सांगलेलं ना तुमी?”

गाडी मिळणार नाही म्हणाला आणि फोन ठेवला. त्या सड्याचं पुढे काय झालं, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.